मालडबा मागच्या कुंपणाशी नेण्याबाबत

५ एप्रिल १९५९, रविवार. संध्याकाळ
आज काय घडलं:
१. बाबांनी रेल्वेच्या लिलावात घेतलेला, चाकं काढलेला मालडबा पाइपांच्या तुकड्यांवर चढवला.
२. बाबा मुकादम असलेल्या रेल्वेलाइनच्या गँगने तो आमच्या अंगणाच्या फाटकापासून ढकलायला घेतला.
३. गँग गाणं म्हटल्याशिवाय जोर लावत नाही.
४. माझं लग्न ठरलेलं नाही, तरी गाण्यात माझी होणारी सासू आली. तिला मिशा होत्या.
५. मी काम थांबवलं. डबा अंगणाच्या मधोमध आहे.

काळजीचं कारण नाही. अरुणकुमारदादाचं लग्न १९ला. घरात दोनच खोल्या. आई म्हणाली, "डब्बा मागं बसला तं ते तुही खोली. नाही तं नोकरी सोड अन् नागपूरले आत्याकडे जाय." इथल्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी मी सोडणार नाही. डब्याच्या जागेचा नकाशा शाईने काढला आहे.

८ एप्रिल
निश्चय: गाणं बंद. जोर एकाच क्षणी लागावा, एवढाच गाण्याचा उपयोग. त्याला शिट्टी पुरे. गँगमधल्या पुंडलिककाकांची मागून घेतली. ते म्हणाले, "घे बाई. पन गान्याबिगर डब्बा रुसते."
शिट्टी साबणाने धुऊन घेतली.

१० एप्रिल
अंगणाला शेजारच्या भागाबाईंच्या गोठ्याकडे उतार आहे. नगण्य. बाबांनी विचारलं, दोर बांधू का? नको म्हटलं. डब्यात टेबल कुठे ठेवायचं ते ठरवलं.

१२ एप्रिल, रविवार. दुपार
गँगने पहारींनी डबा तोलून धरला. पाइप घरंगळू नयेत म्हणून लावलेले दगड काढले. मी शिट्टी वाजवली.
सगळ्यांनी पहारी टाकल्या, बाजूला झाले आणि ओळीत उभे राहिले. डबा एकटाच निघाला. तो समोरून जाताना पुंडलिककाकांनी हात वर केला. भागाबाईंकडचं कुंपण गेलं. डबा भागाबाईंच्या गोठ्यासमोर थांबला.
बाबा म्हणाले, "अवं, लाइनवर शिट्टी झाली म्हंजे गाडी आली! हातातलं टाकून बाजूले व्हाचं, हे हाडात भिनलं आमच्या. मलेई सुचलं नाही, पाय आपोआप हटले."
शिट्टीची योजना फसली असं म्हणता येत नाही. हुकूम सर्वांनी एकाच क्षणी पाळला.

१५ एप्रिल
डबा सरळ बसला आहे. फक्त जागा नकाशाप्रमाणे नाही.
भागाबाईंनी त्यात शेण सारवून वासरू बांधलं. परत मागितला तर म्हणाल्या, "आपल्या पायानं आलं ना व ते? मी काय बलावून राहिली होती? मंग कावून देऊ?"
गँग लग्नाआधी येणार नाही. नंतरही गाण्याची परवानगी असेल तरच.
आईने माझी ट्रंक झाडून दाराशी ठेवली आहे.

१६ एप्रिल
भागाबाईंना द्यायची चिठ्ठी, कच्ची:
डबा कोणाचा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्यात एका माणसाला राहायला जागा मिळेल का? वासराबद्दल माझी हरकत नाही. कृपया शनिवारपर्यंत कळवावे.
— ललिता