पुढच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगा

लिहून ठेवणार आप्पासाहेब बाबूराव कासार, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बांगड्या भरणे, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. छाती कधी दगा देईल सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. डोक्याविषयी त्यांची काही तक्रार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला पुतण्या गोरक्षनाथ दोनदा येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवले.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढचे अंगण, माझी सून मुक्ताबाई हिला द्यावे. माझा एकुलता मुलगा छगन तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. मूलबाळ नाही, तेव्हा सुनेला माहेरी धाडा, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. ती या घरातून जाणार नाही. तिला हाकलायला येणाऱ्याने आधी हा कागद वाचावा.

कलम २. संगमनेरला दिलेली मुलगी चांगुणा हिला तिच्या आईची पुतळ्यांची माळ द्यावी. घरावर चांगुणाचा दावा नाही. मी विषय काढण्याआधीच ती म्हणाली होती, "घर वहिनीच्याच नावावर करा, आप्पा. माझं मला हाय." अशी लेक दिल्याबद्दल मी देवाचा आणि तिच्या आईचा ऋणी आहे.

कलम ३. छगनची जाड टायरची सायकल, हँडलवर बसवलेली बांगड्यांची पेटी आणि आमच्या फेरीची सगळी गावे मुक्ताबाईला द्यावीत. गावे सरकारदप्तरी कोणाच्या नावावर नसतात, असे वकील म्हणाले. त्यांचे बरोबर असेल. पण आम्हा कासारांत कोणाची कोणती गावे ते ठरलेले असते आणि दुसऱ्याच्या गावात कोणी पेटी उघडत नाही. ही गावे माझ्या वडिलांची होती, मग माझी झाली, मग छगनची. आता ती मुक्ताबाईची.

ती साडी खोचून सायकल चालवू लागली तेव्हा लोक हसले. हसणारे आता तिला रस्ता देतात. खरी अडचण वेगळी होती. विधवेच्या हाताने बांगड्या भरून घ्यायला बायका कचरत, आणि त्यात तिच्या पेटीतल्या बांगड्या फार वाढवल्या जात. (आमच्या धंद्यात बांगडी फुटली असे बोलत नाहीत.) मिरीकडच्या एका वस्तीवर लग्नाचा चुडा भरायला ती गेली. पेटी उघडली तर हिरव्या काचेचा चुरा. नवरीच्या आजीने सगळ्यांदेखत सांगितले, "तुझ्या हातात काच टिकत न्हाई, बाई. तुझ्या घरातल्या गड्याला पाठव." गोरक्षनाथाने ते वाक्य गावोगाव पोचवले. फेरी त्याला हवी होती.

कलम ४. म्हणून गोरक्षनाथाला माझी जुनी काळी सायकल द्यावी. सीटखाली सोडली तर तिला कुठेही स्प्रिंग नाही. त्याने आमच्या गावांच्या रस्त्यांवर ती एकदा पेटीसकट चालवून बघावी आणि मग कोणाच्या हातात काय टिकते ते बोलावे. माझा त्याच्यावर राग आहे. मेल्यावर तो जातो असे म्हणतात, पण मी खात्री देत नाही.

कलम ५. हे कलम मुक्ताबाईने एकटीने वाचावे, बाकीच्यांनी उठून जावे.

पोरी, छगनने ही सायकल आणली तेव्हा पुढच्या चाकाचे हिसके झेलणाऱ्या शॉकअपच्या नळ्यांत रबराचे तुकडे होते. उन्हाळ्यात ते मऊ पडत, थंडीत दगड होत. ते काढून त्याने मोपेडच्या स्प्रिंगा कापून बसवल्या, बुश बदलले, तेल गळू नये म्हणून नवे सील घातले. काम चोख होते, पण ते त्याच्या वजनाचे होते. तो तालमीतला गडी, तू त्याच्या निम्मी. त्याच्याखाली दबणारी स्प्रिंग तुझ्याखाली हलतसुद्धा नव्हती. दगडावरून चाक गेले की हिसका सरळ पेटीत. तुझ्या हाताचा त्यात काहीही दोष नव्हता.

सायकलवाल्या सहादेवने हे ओळखले आणि तुला सांगितले. तू म्हणालीस, "ह्यांच्या हातची हाय ती. ती काढली तर ह्यांचं काय राहिलं?" माझाही तो मुलगाच होता.

गेल्या दिवाळीत तू माहेरी गेलीस तेव्हा सहादेवला बोलावून मी शॉकअप उघडायला लावला. नगरहून बारीक तारेच्या, तुझ्या वजनाला दबतील अशा स्प्रिंगा आणवल्या. नळ्या वरून होत्या तशाच बंद केल्या, तुला कळले नाही. दिवाळीनंतर तू त्याच वस्तीवर दुसऱ्या लग्नाला गेलीस आणि परत येऊन उंबऱ्यातच म्हणालीस, "आज एकबी न्हाई वाढवली, मामंजी. ह्यांनीच सांभाळलं." तुझा चेहरा बघून माझ्याने खरे सांगवले नाही. त्या दिवसापासून त्या आजीच्या वस्तीतून तुला बोलावणी येतात.

आता सांगतो. छगनने नाही सांभाळले, पोरी. छगनच्या स्प्रिंगा माझ्या उशाशी लोखंडी पेटीत आहेत, त्याच्याच धोतराच्या फडक्यात. त्या तुझ्या. जवळ ठेव किंवा प्रवरेत सोड, पण सायकलीत पुन्हा घालू नकोस. इतके दिवस तू तुझ्या वजनावर चालली आहेस.

कलम ६. त्याच पेटीत, स्प्रिंगांच्या शेजारी, डझनभर हिरव्या बांगड्या आहेत. माप दोन-चार. लग्नात तुझ्या हातात चुडा भरताना तुझ्या सासूने, रंगुबाईने, ते माप मला सांगितले होते. छगन गेला त्या दिवशी तो चुडा दगडावर वाढवला, तेव्हा मी, जन्मभर बायकांचे हात भरलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. माझे दिवस झाले की फेरीला निघण्याआधी या बांगड्या स्वतःच्या हातांनी स्वतःच्या हातात भराव्यात. लोक विचारतील. सासऱ्याने मृत्युपत्रात लिहून दिल्या आहेत, असे सांगावे.

सहादेवला मी काहीच ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकिलांनी बजावले आणि साक्षीला मला तोच हवा होता.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली. त्या वेळी मुक्ताबाई पेटी घेऊन करंजी गावाच्या फेरीला गेलेली होती.

ठिकाण: तिसगाव
दिनांक: ९ मार्च १९९९

सही: आप्पासाहेब बाबूराव कासार

साक्षीदार:
१. सहादेव गणपत वाघ, सायकल दुरुस्ती, तिसगाव
२. भाऊसाहेब लक्ष्मण शिंदे, निवृत्त शिक्षक, तिसगाव