गुलाबाईमागचा दिवा

नाना, गुलाबाईच्या मागे एक दिवा तुम्ही कायम पेटता ठेवायचात, तो नेमका कशासाठी? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हा प्रश्न मला यंदा पडला. धुळ्याच्या कॉलेजात मी फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळते, दिवसभर पोरांना मीटर वाचायला लावते, पण घरातल्या त्या दिव्याचा कधी विचार केला नव्हता. तुमचा धंदा लग्नाच्या लायटिंगचा. पारोळ्यातल्या मांडवांवर तुमच्या माळा पळायच्या, मागे त्यांना लावत-विझवत लाकडी रोलर फिरायचा, त्याच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर ठिणग्या उडायच्या. आणि आपल्या घरी मात्र गुलाबाईजवळ वायर आणायची सोय नव्हती. ‘पोरीस्ना हात पोचस तठे लाईन नको,’ म्हणायचात. म्हणून टॉर्चचे सेल, टेपरेकॉर्डरची जुनी मोटर आणि तुपाचा रिकामा डबा, एवढ्यातून तुम्ही माझ्यासाठी छोटा रोलर केलात. बाकीचे दिवे लागायचे, विझायचे, पळायचे. मूर्तीमागचा एक नुसताच जळत राहायचा. सेल वाचतील म्हणून मी एकदा तो काढला, तर तुम्ही माझ्या हातातून घेऊन परत लावलात. ‘बठ्ठा संगे इझनात ते मानूस घाबरस,’ एवढंच म्हणालात, म्हणजे सगळे दिवे एकदम विझायला नकोत. रागावला होतात की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आई अजून गुलाबाई बसवते. भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन येतात, गाणी म्हणतात, मग आई झाकणाचा डबा कानाशी हलवते आणि आत काय खाऊ आहे ते पोरी ओळखतात. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, तो कायदा तसाच आहे. पण यंदा तिचा फोन आला. ‘आते बस. पोरी येतस नहीत. कोनी ट्यूशन, कोना मोबाईल. यंदानी शेवटनी गुलाबाई.’ मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. देवाधर्माचं मला फारसं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या पोरी नंतर वर्षभर येता-जाता आईला हाक मारतात, दुकानातून काही आणायचं का विचारतात. गुलाबाई गेली की त्या घराची कडी वाजवायला कोण येणार? मला भीती वाटली, नाना.

मग मी तुमचीच युक्ती केली. पोरी यायला हव्या असतील तर आधी त्यांचे डोळे आले पाहिजेत. बाजारातून कंट्रोलरची माळ आणली. तुमचा अख्खा रोलर आता काडेपेटीएवढ्या डबीत मावतो, आणि बटण दाबलं की माळेची चाल बदलते. वायर चालणार नव्हती, म्हणून मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक जोडली, खिशात मावते तेवढी. शनिवारी पारोळ्याला गेले, मखर सजवलं. पोरी आल्या, एकीने दुसरीला बोलावून आणलं. त्यांना एकच चाल आवडली, माळ हळूहळू मंद होत पूर्ण विझते आणि पुन्हा हळूहळू उजळते ती. ‘मावशी, गुलाबाई झोपस आनि उठस,’ म्हणाल्या. आणि गाणं अर्ध्यात असताना गुलाबाई झोपली ती उठलीच नाही. मी बटण दाबलं, लागली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. पोरी हसायला लागल्या, दोघी-तिघी तेवढ्यात सटकल्याही. आईने डबा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘तिनाच मनमा नही शे. जाऊ दे.’

तिच्या तोंडून ‘जाऊ दे’ किती निवांत आलं, त्याचाच मला राग आला. सगळं सामान पिशवीत भरून मी धुळ्याला आले आणि आठवडाभर त्या पॉवर बँकेच्या मागे हात धुऊन लागले. चार्ज पुरता भरलेला. माळ ठीक, कंट्रोलर ठीक. मोबाईल लावला तर मुकाट्याने चार्ज करते. बसून नुसती बघत राहिले तेव्हा दिसलं, माळ उजळलेली राहिली तर ती कधीच बंद पडत नाही. झोपेच्या चालीतच पडते. मीटर लावला आणि मला हसू आलं. ही मोबाईलसाठी केलेली वस्तू. मोबाईल भरत आला की तो कमी कमी घेतो, मग हिला वाटतं काम झालं, आणि ही स्वतःला बंद करून घेते. आपली कंट्रोलरची डबी आणि विझत आलेली माळ मिळून इतकं थोडं घेतात की, जेवणाऱ्याने हात आखडला म्हणून पंगतीतला वाढपी पातेलं उचलून पुढे जातो, तसं हिचं होत होतं. ती चाल बंद करणं सोपं होतं. पण पोरींना तर तीच हवी होती. मग हिला सतत थोडं काहीतरी मागत राहणारं कोणीतरी पाहिजे, असं मनाशी म्हणत होते आणि एकदम तो मूर्तीमागचा दिवा डोळ्यांसमोर आला.

तुमच्या सेलना असली खोड नव्हती, हे मला कळतं. तुम्हाला हे माहीत असणं शक्य नाही. तरी मी तोच दिवा लावला. पॉवर बँकेच्या दुसऱ्या खाचेत बसणारा छोटा बल्ब, मूर्तीच्या मागे, कायम पेटता. पुढच्या शनिवारी माळ झोपत राहिली, उठत राहिली, पॉवर बँक जागी. सटकलेल्या पोरी परत आल्या होत्या आणि नव्या दोघी त्यांच्याबरोबर. आई मात्र माळेकडे बघतच नव्हती. ती मागच्या दिव्याकडे बघत होती. ‘हाई तुना नानानं काम शे,’ म्हणाली. मी तिला वाढप्याचं सगळं समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते तुनं. त्यासनी मनासाठे लावेल व्हता. आंधारामा डबा हालाडू ते माले पोरीस्ना तोंडं दिखेत नहीत.’

म्हणजे लोकांना सांगायचं कारण वेगळं, पॉवर बँकेचं वेगळं आणि तुमचं वेगळं, आईसाठीचं. एवढी साधी गोष्ट तुम्ही मला का नाही सांगितलीत? लाजलात का? मला तर हे आता कोणत्याही मीटरवर कळायचं नाही.

त्या उजेडात आईने पोरींची तोंडं नीट पाहिली. जाताना एकीला म्हणाली, ‘पुढला साले तुनी धाकली बहीनले बी आन.’ मी माळ गुंडाळत होते, तिथेच थांबले. तसं पाहिलं तर पत्र इथे संपायला हरकत नाही, आणि टाकायचं तरी कुठे. पण एक सांगायचं राहिलं. पोरी येण्याआधी आईने डबा आधी माझ्या कानाशी हलवला होता. लहानपणी मी खाऊ नेहमी ओळखायची, सगळ्या पोरी जळायच्या. तुम्ही त्यांच्या मागे दारात उभे राहून कान धरलात की करंजी, मूठ वळलीत की लाडू. आईने डबा हलवला, ‘वळख,’ म्हणाली. मला काहीच ओळखता आलं नाही, नाना. मी दाराकडे पाहिलं.