बुवांची वही

सोमवार, ४ मार्च

प्रिय बाईसाहेब,

निघताना दारात उभं राहून तू ज्या सतरा सूचना दिल्यास, त्यांतल्या चौदा पाळतो आहे. उरलेल्या तीन कोणत्या ते आल्या आल्या तुझ्या लक्षात येईलच, म्हणून आत्ता कबूल करत नाही. मी ठणठणीत आहे. तुझ्या ताईचा खुबा कसा आहे? ऑपरेशन नीट झालं हे कळलं, पण तिला म्हणावं, दोन महिने बहिणीकडून सेवा करून घ्यायची आहे म्हणून पाय मुद्दाम जड करू नका. माणूस इकडे एकटा आहे.

एकटा म्हणजे अगदीच एकटा नाही. जमादार आहे. तू गेल्यापासून तो तुझ्या चपलांवर हनुवटी टेकून झोपतो. हलवायला गेलो तर असा बघतो, की कुत्रा मी आहे आणि घर त्याचं आहे.

एक सांगतो, फोन करत जाऊ नकोस, पत्रच लिही. आपल्या फोनला काय धाड भरली आहे कळत नाही, तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. परवा तू काहीतरी विचारलंस, मी म्हणालो, "हो हो, खाल्लं," आणि तू हसत सुटलीस. काय विचारलं होतंस? पत्राचं एक बरं असतं, दोनदा वाचता येतं.

सामान पोचवणारी माणसंही हल्ली भलतीच माजली आहेत. बेल न वाजवता चिठ्ठी डकवून जातात, 'दार उघडले नाही'. मी दारापासून चार हातांवर बसलेला! आता मी युक्ती काढली आहे. जमादार उठून दाराकडे गेला की मीही उठतो. दोघं मिळून जातो. फारच मान दिल्यासारखं वाटत असेल येणाऱ्याला.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायला हात होत नव्हता म्हणून कुत्र्याबित्र्याचं आधी लिहिलं. तुझे बुवा गात नाहीत.

तू वहीत आखून दिलेले रकाने मी रोज भरतो आहे. दाणा: दोन चमचे. पाणी: बदलले. गायन: नाही. आज आठवा दिवस, आठही दिवस 'नाही'. एरवी काय थाट असतो या एवढ्याशा पिवळ्या कॅनरीचा! तू संध्याकाळी माझ्याजवळ, त्याच्यासमोर बसायचीस आणि मैफल सुरू व्हायची. तू घराबाहेर पाऊल टाकलंस आणि या पठ्ठ्याने तोंडाला कुलूप लावलं. दाणे नीट खातो, उड्या मारतो, माझ्याकडे मान वाकडी करून बघतो. पण सूर नाही. रुसला असेल म्हणून त्याची समजूतही घातली. तू सात वर्षं वाढवलेला जीव आहे, त्याला माझ्या हातून काही झालं तर तुला तोंड कसं दाखवू?

दोन दिवस बघतो, नाहीतर डॉक्टरकडे नेतो. तू मात्र काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण मला कळवू नकोस.

तुझा,
घरगडी


शुक्रवार, १५ मार्च

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र मिळालं. अक्षरात राग दिसला, पण अक्षर सुंदर आहे म्हणून चालवून घेतलं.

बुवांना जनावरांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं. काही झालेलं नाही. तब्येत उत्तम, आणि आता गातोही आहे. वहीत तशा नोंदी केल्या आहेत. तू विचारशील कसा गातो, तर छान गातो. कॅनरी गातात तसा.

इकडे बाकी विशेष नाही. मी दुकानात जरा कमी जातो. शिलाई मशीन काय, थोरला मिस्त्रीही दुरुस्त करू शकतो, पंचवीस वर्षं माझ्या हाताखाली काढली आहेत त्याने. दिवाणखान्यातलं तुझं आवडतं लंबकाचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आहे. बंद पडलं होतं. म्हणजे पडलं असावं.

कुंड्यांना पाणी घालतो. ती लाल फुलांची कुंडी मात्र गेली. सतरातली एक.

ताईंना नमस्कार सांग. लवकर ये, असं मी म्हणणार नाही, पण तू समजून घे.

तुझा,
मी


शनिवार, २३ मार्च

प्रिय,

आज 'बाईसाहेब' लिहवत नाही.

तुझ्या पत्रात एकच ओळ होती. 'बुवा कोणत्या वेळी गातात, किती वेळ, आणि शेवटी जिन्यावरून उतरल्यासारखी तान घेतात की नाही, एवढं कळवा.' तीन प्रश्न, एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. वहीत गेले अकरा दिवस मी 'गायला, दहा मिनिटे' असं लिहितो आहे आणि अकराही दिवस ते मनचं आहे. छत्तीस वर्षांत तुझ्याशी खोटं बोललो नाही असं नाही, पण लिहून कधी ठेवलं नव्हतं.

दवाखान्यात काय झालं ते सांगतो. मला आधी हसू दे, मग लिहितो.

बाहेर बाकावर एक बाई मांजर घेऊन बसल्या होत्या, शेजारी एक गृहस्थ कासव घेऊन. कासवाला सर्दी झाली होती म्हणे. नंबर आला, आत गेलो. डॉक्टरीण तरुण आहे, पण हात सराईत. मी पिंजरा टेबलावर ठेवला, फडकं काढलं आणि सगळी हकीगत सांगितली. सोळा दिवस झाले, एक सूर नाही, मालकीणबाई परगावी, माझी धडगत नाही. तिने ऐकून घेतलं आणि हात धुवायला नळ सोडला.

तेवढ्यात मी बघतो तर बुवांचा गळा फुगलेला! चोच अर्धी उघडी, मानेवरची पिसं थरथरत होती. म्हटलं, "डॉक्टर, बघा बघा, धाप लागली त्याला!"

ती वळली, पण बुवांकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. दारात मांजरवाल्या बाई येऊन उभ्या होत्या, हात गालावर. कासववालेही मान लांब करून डोकावत होते. सगळ्यांच्या तोंडावर हसू. म्हटलं, माणसं आहेत की कोण! पाखरू मरतंय आणि यांना मजा वाटते! मी चांगलाच तापलो. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणाली. मी नेहमीसारखी मान हलवली. तिने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा हलवली. मग तिने दार लावून घेतलं, औषधं लिहायचा कागद ओढला आणि त्यावर लिहून माझ्यासमोर सरकवला.

'काका, तो गातोय. आत्ता. मघापासून.'

तो कागद मी वहीत ठेवला आहे.

पिंजरा मांडीवर घेऊन मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. बुवा गात होते. मला फक्त गळा दिसत होता.

आता तू म्हणशील, आधी लक्षात कसं आलं नाही? अगं, मशीनचा ठोका मला अजून ऐकू येतो. मोटार घरघरली, रस्त्यावर ट्रक गेला, जमादार भुंकला, सगळं ऐकू येतं. म्हणून मी आपला समजत होतो की कान शाबूत आहेत आणि जग पुटपुटायला लागलं आहे. बारीक आवाज तेवढे कधी निघून गेले कळलं नाही. न सांगता गेले. ते लंबकाचं घड्याळही बंद नव्हतं. काल पुन्हा भिंतीला लावलं, किल्ली देऊन लंबक हलवला, तर आज वेळ अगदी बरोबर दाखवतं आहे.

दुकानातलंही सांगून टाकतो. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं मशीन मी तपासून 'ठीक' म्हणून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या हजर. "काका, ठीक काय? हे किंचाळतंय!" मी चालवून बघितलं, मला लोण्यासारखं वाटलं. थोरल्या मिस्त्रीने ते आत नेलं, दोन थेंब तेल घातलं, आणून दिलं. तुला माहीत आहे, तपासलेल्या मशीनवर मी खडूने एक खूण करतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं तर माझ्या प्रत्येक खुणेखाली एक छोटी खूण होती. तो माझ्यामागून प्रत्येक मशीन पुन्हा ऐकत होता. केव्हापासून, विचारायची हिंमत झाली नाही.

मी या गावात आलो तेव्हा माझ्याकडे एक पेचकस, तेलाची कुपी आणि दोन कान होते. पेचकस कुणाकडेही असतो. तुझी-माझी ओळखही कानांनीच करून दिली. तुमच्या खिडकीखालून जाताना वरचं मशीन ऐकलं आणि रस्त्यातून ओरडलो, "बॉबिनची डबी सैल झालीय!" तुझे वडील खिडकीत येऊन म्हणाले, "आगाऊ दिसतोस." आणि त्यांच्या मागून तू हसलीस. ते हसूही मला रस्त्यात ऐकू आलं होतं.

आता तुझ्या लक्षात येईल की तुला सांगणंच सगळ्यांत अवघड का होतं. ज्या कानांवर भाळून तू आलीस, तेच मी तुझ्या नकळत हरवून बसलो आहे. घरातलं भांडं फुटलं तर बायकोला सांगायला माणूस घाबरतो, हे तर...

उत्तर दे. फोन करू नकोस. का ते आता तुला कळलं.

तुझा,
मी


मंगळवार, २ एप्रिल

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा जमादारला वाचून दाखवलं. त्यातल्या काही ओळी मी इथे परत उतरवतो आहे, कारण त्या माझ्या हाताने लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही.

'अहो, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. एका संध्याकाळी बुवा जीव तोडून गात होते आणि तुम्ही पेपरातून डोकं वर काढून म्हणालात, आज यांचा रियाज नाही वाटतं? मी काही बोलले नाही. म्हटलं, स्वतःहून सांगतील. सांगाल कसले! तेव्हापासून मी वरच्या पट्टीत बोलते आहे. इथे आल्या आल्या ताई ओरडली, अगं, माझा खुबा मोडलाय, मी बहिरी नाही! आणि फोनवर मी विचारलं होतं, जमादारला आंघोळ घातली का? तुम्ही म्हणालात, हो हो, खाल्लं.'

बायको असावी तर अशी. दोन वर्षं! आणि मी तुझ्यापासून दहा-बारा दिवस लपवलं म्हणून झोप उडवून घेतली.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या ओळींनी. 'रोज संध्याकाळी मी तुमच्याजवळ बसून सांगायचे ना, आता चढले, आता थांबले, आता ती जिन्यावरची तान घेतली? तुम्हाला वाटायचं बायकोला बडबडीची हौस. तुम्हाला ऐकू यावं म्हणून सांगत होते.'

म्हणजे बुवा माझ्यासाठी दोन वर्षांपूर्वीच गप्प झाले होते. पण मला रोज ऐकू येत होते, कारण तू गात होतीस. तू गेलीस आणि त्याच दिवशी मैफल बंद पडली. मी वहीत खोटं लिहिलं नव्हतं गं पहिले सोळा दिवस.

आणि शेवटी तो बॉम्ब! 'मी कानांवर भाळले नव्हते. बॉबिनची डबी मीच सैल केली होती. तुम्ही रोज त्याच वेळी खालून जायचात आणि मान वर करायचं नाव नाही.' बाई, बाई! छत्तीस वर्षं मी चारचौघांत ही गोष्ट फुशारकीने सांगतो आहे आणि तू शेजारी बसून पदराने तोंड पुसते आहेस. आता कळलं काय पुसत होतीस.

काल कानांच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून तपासणी करणाऱ्या बाईंचा हात बघून बटण दाबत होतो. पहिल्या फेरीत माझे कान वटवाघळासारखे तिखट निघाले. मग त्यांनी खुर्ची फिरवून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुसऱ्या फेरीचा कागद बघितला, रेघ घसरगुंडीवरून पोरगं सुटावं तशी खाली गेलेली. चाळीस वर्षं मशीनच्या कल्लोळात बसलात, डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, तो कल्लोळ नव्हता, ती गिऱ्हाइकं होती.

उजवा कान जरा बरा आहे. यंत्र बसवायचं आहे, पण ते बसवायला मी तू आल्यावर जाणार. त्यातून पहिला आवाज तुझा यायला हवा. बुवांचा दुसरा. थोरल्या मिस्त्रीलाही सांगितलं. म्हटलं, यापुढे आधी तू ऐकायचंस, खालची छोटी खूण मी करीन. त्याने हातावरचा खडू पुसला, मग काहीतरी बोलला. मी म्हटलं, मोठ्याने. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही खुणा पाहिजेत."

तू रविवारी येते आहेस. बेल वाजव, जमादार मला घेऊन येईल. सोफ्यावर तू जन्मभर डावीकडे बसलीस. तुझी उशी मी उजवीकडे सरकवली आहे.

बुवांच्या वहीत आजपासून खरं लिहायला लागलो. आजची नोंद अशी. दाणा: दोन चमचे. पाणी: बदलले. गायन: सकाळी नळ सोडल्यावर, चार मिनिटे. गळा बघून लिहिले. जिन्यावरची तान घेतली की नाही ते कळले नाही.

तेवढी जागा वहीत रिकामी सोडली आहे. तू आल्यावर भर.

तुझा,
उजवीकडे कान लावून बसलेला,
आगाऊ