मंगळवारची पिशवी

मंगळवार, ४ मार्च

पिशवी आली. कॉलेजच्या लायब्ररीची निळी पिशवी, बंद तुटलेला, गाठ मारलेली. आमच्या वाचनालयाची नऊ पुस्तकं परत आणि नव्या मागणीच्या सात चिठ्ठ्या. त्यात कार्ड क्रमांक दोनशे चौदा.

चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण सख्ख्या भावाचं अक्षर ओळखायला नाव कशाला लागतं?

समुद्रप्रवासाचं ते जाडजूड पुस्तक मागितलंय दादाने. पुन्हा! रजिस्टर चाळलं. नोव्हेंबरात नेलं होतं, जानेवारीतही. त्याच कॉलेजातला दगडमातीचा, म्हणजे भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, एकदा वाचलेल्या पुस्तकाकडे जन्मात ढुंकून बघितलं नाही त्याने. असो. आवडलं असेल. दिलं पाठवून.

बुधवार, ५ मार्च

ग्रंथपाल मॅडमनी बोलावून सांगितलं — कॉलेजशी असलेला करार ३१ मार्चला संपतोय, कॉलेज तो पुढे चालवणार नाही. "त्यांना आता सगळं स्क्रीनवर मिळतं म्हणे."

बारा वर्षं ही अदलाबदल मी सांभाळतेय. त्यांच्या वाचकांना आमची दोन पुस्तकं, आमच्या वाचकांना त्यांची दोन. आमची मुलं परीक्षांचे ग्रंथ मागवतात, त्यांचे प्राध्यापक रहस्यकथा — वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून. मी "बरं" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

दादाशी बोलून चार वर्षं झाली. आई माझ्याकडे होती. ताप वाढला तेव्हा मी त्याला कळवलं नाही. दोन रविवार तो फिरकला नव्हता, त्याचा राग होता मला. येऊ दे स्वतःहून, म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी फोन केला तो आई गेल्याचाच. सगळ्यांदेखत म्हणाला, "कळवलं नाहीस. आता माझंही काही तुला कळणार नाही."

आणि तेव्हापासून दर मंगळवारी मला कळतंय. काय वाचतो, किती दिवसांत संपवतो. एवढंच. पण तेवढ्यावर माझं भागत होतं.

मंगळवार, ११ मार्च

दोनशे चौदाची चिठ्ठी. तेच पुस्तक. अरे, ते तुझ्याकडेच आहे! गेल्या मंगळवारी पाठवलंय.

नियमाप्रमाणे शेरा मारला — "पुस्तक वाचकाकडेच आहे." चिठ्ठी पिशवीत टाकली, परत काढून वाचली.

शुक्रवार, १४ मार्च

कामात लक्ष नाही. एका आजोबांना त्यांच्या बायकोचं कार्ड दिलं. म्हणाले, "चालेल, घरीही तिचंच चालतं." मला हसूसुद्धा आलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

पुस्तक परत आलं. आलेलं पुस्तक पान न् पान बघायचं, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, मगच कपाटात ठेवायचं. बघायला बसले.

पान एकेचाळीस. समासात बारीक अक्षरात — "इथपर्यंत. १२ नोव्हेंबर." अडतिसाव्या पानावर पुन्हा "इथपर्यंत", जानेवारीची तारीख. बाविसाव्यावर ६ मार्च. नवव्या पानावर परवाची.

लहानपणी मी पानाचा कोपरा दुमडला म्हणून याने माझ्या हातावर पट्टी मारली होती. आता हा लायब्ररीच्या पुस्तकावर लिहितोय. आणि दर खेपेला आणखी मागे येतोय.

नोव्हेंबरात, जानेवारीत हे पुस्तक तपासलं कोणी? मीच. वरवर चाळून ठेवलं असणार. एवढी मोठी गोष्ट माझ्या हातातून गेली आणि मी बघितलीच नाही.

खोडरबर घेतलं. खोडवेना. पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच केलं.

बुधवार, १९ मार्च

नव्या मुलींना मीच पढवते — वाचक काय वाचतो ते काउंटरच्या बाहेर जाता कामा नये, घरच्यांच्या कानावर तर मुळीच नाही. मग वहिनीला कुठल्या तोंडाने फोन करू?

खोटं कशाला लिहू. नियमाचं निमित्त आहे, भीती वाटते मला. तो माझ्या तोंडावर दार लावून घेईल, ही एक. दुसरी त्याहून वाईट — दार उघडेल आणि विचारेल, "कोण पाहिजे?"

मंगळवार, २५ मार्च

शेवटची पिशवी. पिशवी घेऊन येणारा कॉलेजचा शिपाई — लंबू म्हणतो आम्ही त्याला — आज टेकून बसला जरा.

"ते दोनशे चौदावाले सर आले होते काल. वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. पिशवी कधी जाते म्हणून सरांनी मला तीनदा विचारलं, ताई."

"बरे दिसतात?"

"दिसतात की. कपडे एकदम कडक इस्त्रीचे."

चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव अर्धंच. पुढे नुसती रेघ, कागदाच्या कडेपर्यंत. कार्डाचा नंबर मात्र बरोबर.

पुढच्या मंगळवारी काही येणार नाही. मग मला कळणार कुठून? जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे जाऊन रडले. भरपूर रडले. मग तोंड धुऊन काउंटरवर आले, रांग लागली होती.

शुक्रवार, २८ मार्च

केला फोन. मी नाव सांगायच्या आत वहिनी म्हणाली, "ये गं. कधी येतेस?" मग तिलाच भरून आलं. वर्षभर ती एकटीने निभावतेय. "तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी मला, लक्षात राहत होतं तेव्हा."

रविवारी येते म्हटलं.

शनिवार, २९ मार्च

काय बोलायचं ते ठरवतेय. माफी मागायची, एवढं नक्की. चार वर्षं उशीर झाला, पण मागायची. दादा, चुकलं माझं. बस. तीन शब्द आहेत, तेवढे येतीलच मला.

रविवार, ३० मार्च

दार दादानेच उघडलं. ओळखलं मला. "चिमे! ये, ये." रागाचा मागमूस नाही. माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत राहिला.

"एकटीच आलीस? आई कुठाय?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"घरी आहे," म्हटलं. "जरा बरं नाही तिला."

त्याने माझा हात धरला. "ताप वाढला तर मला लगेच कळव हं. वेळ-अवेळ बघू नकोस."

"कळवते," म्हटलं.