वहिनी, तुझी कथा पहिली आली

प्रिय सुनंदावहिनी,

आज दुपारी ऑफिसात फोन आला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांना वाचक दरवर्षी मतं देतात ना, त्यात तुझी कथा पहिली आली! पुरस्कारवाल्या बाई म्हणाल्या, "लेखिकेला फोन द्या." मी म्हटलं, "त्या नाहीत." तर विचारतात, "कधी येतील?" काय सांगणार होते गं? म्हणून तुलाच लिहायला बसले.

तुझ्या कथेतल्या गावात मारणाऱ्याच्याच अंगावर वळ उठतात. वाचून मी हसले होते, "काय डोकं आहे तुझं, वहिनी!" तू पोळ्या लाटत होतीस. बाही वर सरकली, दंड निळाजांभळा दिसला. तू बाही खाली ओढलीस. मी का नाही विचारलं तेव्हाच?

त्यांच्या वेबसाइटवर कथा पाठवली मीच. तिगावच्या मैत्रिणींपासून सौंसरच्या मामेबहिणींपर्यंत सगळ्यांना मतं द्यायला लावली. आणि आनंदाच्या भरात दादालाही मोबाइल दाखवला! कथेखाली एका वाचकानं लिहिलं होतं, 'ताई, तुमच्या हातात जादू आहे.'

"कोण व्हय हा?" दादा ओरडला. "माह्या बायकोचा हात यानं कुठी पाह्यला?"

संत्र्याच्या पेटीची फळी होती त्याच्या हातात. तुझा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि त्यावर ती हाणली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पुढे झाले तर आईनं मला मागे ओढलं, "तू मधात नको पडू!"

दवाखान्यात तू डॉक्टरांना सांगितलंस, "गाडीवरून पडले." का गं? कोणाची लाज राखत होतीस? मी तरी शेजारीच उभी होते, मी कुठं तोंड उघडलं?

प्लास्टर निघायच्या आतच ती सकाळ आली. धुण्याजवळ तू हळूच विचारलंस, "वर्षा, किती मतं झाली गं?" दादा मागेच उभा होता.

"मतं मोजून राहिली काय?"

केस धरून त्यानं तुझं डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तू ओरडलीही नाहीस. दगडावरचा साबणाचा फेस लाल झाला. मी दारात उभी होते, वहिनी. मी पुढे झाले नाही. नागपूरला नेलं, पण तू डोळे उघडले नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

घरचे म्हणाले, पाय घसरला. तुझ्या भावानं तक्रार केली, तेव्हा दादाला धरून नेलं. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी घरी नव्हते." एवढंच बोलले, आणि दादा जामिनावर घरी आला. माझ्याच हातचं जेवतो.

तुझ्या भावानं केस सोडली नाही. बुधवारी माझी साक्ष आहे. आई कालपासून रडून राहिली, "भावाले जेलात धाडशीन काय?" त्याचं उत्तर तुला देते.

मी घरी होते, हे सांगीन. आधी खोटं बोलले, हेही सांगीन. मग मला या घरात ठेवोत की न ठेवोत.

तुझी नणंद,
वर्षा