एका फॉर्म्युल्याचा धडा

३ नोव्हेंबर, सोमवार
केमिस्ट्रीच्या कल्याणी मॅडमनी आमचा क्लास सोडला. केमिकल इक्विलिब्रियमला जादा लेक्चर मागत होत्या. मी म्हटलं, एका फॉर्म्युल्याचा धडा आहे, कशाला ताणता. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या." किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. ठीक. मीच घेणार. इतकी वर्षं गणित शिकवतोय, इथंही शेवटी x च काढायचा असतो.

४ नोव्हेंबर
धडा वाचला. सोपा आहे. रिअ‍ॅक्शन एका ठिकाणी येऊन थांबल्यासारखी होते. तेव्हा भांड्यात काय किती संपलं आणि किती उरलं, ते काढायचं. वासंती म्हणाली, मॅडमना फोन करा. बायकोला क्लास चालवण्यातलं काही कळत नाही.

६ नोव्हेंबर
पहिलं लेक्चर. एक लिटरचं भांडं, हायड्रोजन एक मोल, आयोडीन एक मोल, K हा रिअ‍ॅक्शनचा ठरलेला आकडा पन्नास. क्वाड्रॅटिक झकास सुटलं. x आला १.३९. पहिल्या बाकावरचा पृथ्वीराज म्हणाला, "सर, भांड्यात होताच एक मोल. मग त्यातला एक पूर्णांक एकोणचाळीस संपला कसा?"
चांगला प्रश्न, उद्या सांगतो म्हटलं. चांगल्या प्रश्नांना लगेच उत्तर देऊ नये.

७ नोव्हेंबर
सर्दीमुळे लेक्चर रद्द. सर्दी झाली नव्हती, पण होईलसं वाटत होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
शॉर्टकट सापडला. x लहान असेल तर तो एकातून वजा करायचाच नाही. 'लहान असेल तर' हे घाईत नजरेतून सुटलं. फळ्यावर x आला साडेतीन. वर्गानं पेनं खाली ठेवली. मुलं विचारात पडली, हे चांगलं लक्षण.

११ नोव्हेंबर
निम्मा वर्ग गैरहजर. थंडी पडतेय. पृथ्वीराजही नव्हता, त्यामुळे लेक्चर फार छान झालं.

१२ नोव्हेंबर
दोघंच आले. पर्सनल अटेन्शन हीच आपली खासियत. नवीन बोर्डावर तसं लिहून घ्यावं.

१४ नोव्हेंबर
कोणीच नाही. बराच वेळ वाट पाहिली, मग पंखा बंद केला. वासंती म्हणाली, "आता तरी जा." मॅडमना माफ करायचं ठरवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सदाशिव पेठेत मॅडमच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजीवर माझी सगळी मुलं. मॅडम माझंच गणित सोडवत होत्या. उत्तरं दोन येतात, १.३९ आणि ०.७८. भांड्यात होतं त्याहून जास्त संपू शकत नाही, म्हणून पहिलं सोडायचं. एवढंच होतं. मला बघून कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
पृथ्वीराजनं सरकून जागा दिली. बसलो.
सगळे गेल्यावर मॅडमना म्हटलं, परत या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. फळा पुसून झाल्यावर म्हणाल्या, "सोमवारी सातला पुढचा भाग आहे, सर. वेळेवर या."
सकाळी सातला की संध्याकाळी, हे विचारायचं राहिलं. पृथ्वीराजला फोन करावा लागेल.