वायर नसलेली गाडी

मंगळवार, दि. ११

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला विचारल्याचं सांग. तुझी कंबर बरी असेल. नसली तरी तू गाडीखाली शिरणारच. शाळेत, शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिते आहे.

आमच्याकडे दुसरी गाडी घ्यायचं चाललं आहे. वापरणार मी, म्हणून पसंती माझी, असं हे चारचौघांत सांगतात. शोरूममध्ये मात्र प्लग-इन हायब्रीडच धरून बसले. मी साधी हायब्रीड म्हटलं, तर विकणाऱ्या मुलीसमोर हसून म्हणाले, "हिला गाडीतलं काय कळतं? हिला रंग दाखवा." मीही हसले. सवय झाली आहे.

ह्यांचं म्हणणं बिनतोड आहे. शाळा, बाजार, चिमणीचा नाचाचा क्लास, सगळं घरच्या चार्जिंगवर भागतं. "मग पेट्रोल कशाला साठवायचं? पडून खराब होतं. तळाला असू दे थोडं." आणि चार्जिंगची वायर काढली की ह्यांच्या फोनवर टिंग वाजतं. ते त्यांनी तिथेच पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं.

साधी हायब्रीड धावता धावता स्वतःच चार्ज होते ना? वायर नाही, टिंग नाही. आणि पेट्रोलशिवाय चालत नाही म्हटल्यावर हे टाकी भरतीलच. स्वतःच्या गाडीत काटा अर्ध्यावर आला तरी ह्यांचा जीव वरखाली होतो, दर रविवारी काठोकाठ भरून आणतात.

एवढी चौकशी कशाला, म्हणशील. मागच्या वेळी तू आलास तेव्हा माझ्या मनगटाला पट्टी होती. मी जिन्यात पडले नव्हते, दादा. चिमणीनं सगळं पाहिलं. आता ह्यांच्या किल्ल्यांचा आवाज आला की ती दप्तर घेऊन पलंगाआड बसते. मला फार भीती वाटते.

शनिवारी बुकिंग आहे. गाड्यांच्या बाबतीत हे फक्त तुझं ऐकतात. त्याआधी सहज म्हणून ह्यांना फोन कर, प्लग-इनला नावं ठेव, बॅटरीबद्दल वाटेल ते सांग. खोटं बोलणं तुझ्या जिवावर येतं, माहीत आहे. एवढं एकदाच बोल. माझ्या फोनवर मात्र काही पाठवू नकोस. उत्तर शाळेच्या पत्त्यावर.

वहिनीला मागची खोली आवरायला सांग. कुणी विचारलं तर पाहुणे येणार म्हणा.

भरल्या टाकीत तुझ्या गॅरेजपर्यंत कुठेही न थांबता येता येतं. गाडी हातात आली की पहिल्याच सोमवारी आम्ही दोघी शाळेच्या वेळेला निघू, आणि शाळेपाशी वळणार नाही.

दार उघडं ठेव.

तुझी धाकटी,
आणि चिमणी